शंभर दारांचा डबा आणि मायचा अंगठा

मंडळी, इथले अनुभव मी गेली काही वर्षं वाचतो आणि बहुतेक वेळा हसून मोबाईल खाली ठेवतो. सुतार माणूस आहे मी. गुण्या लावून जे काटकोनात बसतं ते खरं, नाही बसत ते तासून काढायचं… इतकंच तत्त्वज्ञान आपलं. भूतखेत, आत्मा, संकेत हे सगळं रिकाम्या डोक्यांचं काम असं मी माझ्या बायकोला, म्हणजे आशाला, आजवर शंभरदा तरी ऐकवलं असेल. म्हणून हे लिहायला हात उचलत नव्हता. तीच म्हणाली, लिही, बरा सापडलास.

माझं शहाद्याला लागून लोणखेड्यात, घराशेजारीच, फर्निचरचं वर्कशॉप आहे. सोफे, शोकेस, मॉड्युलर किचन… सगळं प्लायवूडचं. प्लायवूड हा शब्द माझे वडील शिवीसारखा उच्चारतात. त्यांना आम्ही नाना म्हणतो. वय शहाऐंशी. सगळी नोकरी रेल्वेत, डब्यांचे सुतार म्हणून. नंदुरबार स्टेशनाच्या मागे तेव्हा एक सायडिंग होतं, त्याला सिक लाइन म्हणायचे. आजारी डबे तिथे आणून उभे करायचे आणि नाना त्यांची बाकडी, दारं, खिडक्यांच्या चौकटी दुरुस्त करायचे. सुरत–भुसावळ लाइनवरचे थर्ड क्लासचे डबे. लाकडी पट्ट्यांची बाकडी, खिडकीला आडवे गज, गादी वगैरे काही नाही. मी लहानपणी त्या बाकड्यांखाली झोपलोय, अभ्यास केलाय, मारही खाल्लाय.

आणि माय. माय सीझनला मिरचीच्या पथारीवर जायची, देठ खुडायला. नंदुरबारकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो… हिवाळ्यात गावाबाहेर मैलभर लाल मिरच्या वाळत पडलेल्या असतात आणि वारा फिरला की सगळं गाव शिंकतं. मायची बोटं चार महिने लालच असायची. धुऊनही जायची नाहीत. आम्ही डोळ्यात काही गेलं तरी तिच्याकडे जात नव्हतो, नानांकडे जायचो.

दुपारी ती पथारीवरून नानांचा जेवणाचा डबा घेऊन सिक लाइनला यायची. आता खरी गोष्ट. नानांचा एक नेम होता. बाकडं जोडून झालं की शेवटचे स्क्रू आवळायच्या आधी त्यावर मायला बसवायचं. खिडकीकडच्या टोकाला. लहानपणी बैलगाडीतून पडल्यामुळे मायची कंबर अधू होती, फार वेळ कुठे बसवायचं नाही तिला. नाना म्हणायचे, "हिले बरं वाटनं म्हंजे सगळ्यासले बरं वाटी." माय पदर सावरून बसायची, डावी-उजवीकडे सरकायची, बोलायची काहीच नाही. जिथे टोचलं तिथे उठून अंगठा दाबायची. लाकडावर लाल ठसा उठायचा. तिच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती, त्यामुळे ठशाच्या मधून एक आडवी पांढरी रेघ जायची. नाना तिथे रंधा फिरवायचे. ठसा निघून गेला की बाकडं तयार. बाकीचे सुतार हसायचे, पण गंमत म्हणजे स्वतःची बाकडी झाली की तेही म्हणायचे, वहिनी, जरा याच्यावर बी बठा ना.

पुढे थर्ड क्लास बंद झाला. बंद म्हणजे काय, तर डबे तेच, बाकडी तीच, फक्त बाहेरचे आकडे बदलले. नाना सांगायचे की रंगवाला रंग-ब्रश घेऊन आला, तीन खोडून दोन केला आणि "आपन समदा एक दिनमा सेकंड क्लासवाला व्हई गवूत." मग हळूहळू रेक्झीन आलं, फोम आला, लाकडी बाकडी गेली. नाना रिटायर झाले.

माय मागच्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर मी नानांना लोणखेड्याला आणलं. रडले नाहीत ते. फक्त जेवणं सोडलं. सोडलं असंही नाही… ताट आणलं की दोन घास, मग "बस". खुर्चीवर बसवलं तर उठायचे, सोफ्यावर बसवलं तर उठायचे. मी स्वतः बनवलेला सोफा हो. विचारलं तर म्हणायचे, "आठे बठाले मन व्हत नही." सगळे रिपोर्ट नॉर्मल. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, पण असंच चाललं तर फार दिवस काढायचे नाहीत, काहीही करा पण खायला लावा. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. मी वर्कशॉपमध्ये मशीन चालू करून रडायचो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. हे आशालाही माहीत नव्हतं, आता वाचेल.

माझी मुलगी स्नेहल इटलीत असते. जुन्या लाकडी वस्तू जपण्याचं शिक्षण घेतलंय तिने. लाकूड तिसऱ्या पिढीतही सुटलं नाही. तिथे उत्तरेकडच्या एका गावात काही रिटायर्ड म्हातारे मिळून रेल्वेचा जुना थर्ड क्लासचा डबा पुन्हा उभा करत होते, तिथे ती मदतीला जायची. एका रविवारी सकाळी तिने व्हिडिओ कॉलवर नानांना तो डबा दाखवला.

बाहेरून तपकिरी, लांबलचक, आणि दारंच दारं. प्रत्येक कप्प्याला स्वतःचं दार, दोन्ही बाजूंना. तिकडे त्याला शंभर दारांचा डबा म्हणतात म्हणे. शंभर नाहीत, ते आपलं कौतुकाने. पण कारण शहाणपणाचं होतं. सकाळी कामावर जाणारी माणसं भराभर चढावीत आणि उतरावीत म्हणून. आधी सगळा सांगाडाच लाकडाचा असायचा, पुढे बाहेरून लोखंडी पत्रा आला, आत मात्र लाकूडच राहिलं. वर सामानाला फळी, खाली पट्ट्यांची बाकडी, पाठीला हलकासा बाक. स्नेहल सांगत होती की भाताच्या शेतात निंदणीला जाणाऱ्या बायका याच डब्यांतून जायच्या, गाठोडी घेऊन, गाणी म्हणत. आणि त्यांच्याकडेही थर्ड क्लास असाच बंद झाला. आकडा खोडला, डबा तोच.

नाना उठून बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. म्हणाले, "इतला दारं? बायको एक दारथीन चढी अन् नवरा दुसरा दारथीन. मंग दखा मजा." मग एकदम, "पोरी, बाकडं दखाड. जोडे जाय. पट्ट्यासमा फट कितली शे?"

स्नेहलने मोबाईल बाकड्याजवळ नेला, फुटपट्टी लावून मिलिमीटर सांगितले. नानांनी स्वतःची बोटं बघितली आणि म्हणाले, "करंगळी. बराबर शे. मानसं समजदार व्हतात."

त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. मी लगेच स्नेहलला फोन केला, म्हटलं त्या बाकड्याचं ड्रॉइंग पाठव, मी इथे एक बनवतो. तिलाही हवंच होतं. त्यांची बरीच बाकडी मोडलेली, नवी करण्याआधी कोणीतरी एक करून बघणं बरं.

पंधरा दिवस आम्ही बापलेक त्या बाकड्यावर होतो. माझ्याकडे जुन्या दारांचं सागवान पडलं होतं. नाना वर्कशॉपच्या दारात टाकलेल्या खाटेवरून सूचना द्यायचे, मी करायचो. पट्टीच्या कडा मारायच्या, म्हणजे गोल करायच्या, पण किती, तर "लेकरूना गाल लागी इतल्या". स्क्रूचं डोकं आत बुडलं पाहिजे, नाहीतर लुगडं अडकतं. रोज थोडं थोडं जेवण वाढत होतं. मी मनातल्या मनात जिंकलो होतो.

शनिवारी संध्याकाळी बाकडं झालं. ड्रॉइंगप्रमाणे, अगदी मिलिमीटरला मिलिमीटर. नानांना हाताला धरून आणलं, बसवलं. ते दोन मिनिटं बसले. मग खिडकीकडच्या टोकाला सरकले… खिडकी अर्थातच नाही तिथे, भिंत आहे, पण ते टोक खिडकीचं असं आम्ही पहिल्यापासून धरलेलं. आणि उठले.

"टोचस."

"नाना, नकाशाप्रमाणं शे सगळं," मी म्हटलं. "एक सूत इकडं तिकडं नही."

"तुन्हा नकाशा बठस का?" त्यांनी विचारलं. मग बाकड्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. "पहिले कोन बठनं याना वर?"

"कोणी नही."

"मंग कसं समजी, भाऊ." एवढंच म्हणाले. घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले आणि रात्री जेवले नाहीत.

रविवारी कारागिरांना सुट्टी. आशा शुक्रवारपासून कळसाडीला माहेरी, पुतणीच्या साखरपुड्याला. हे मुद्दाम सांगतोय. घरातलं तिखट संपलेलं होतं, ती कळसाडीहून नवं कुटून आणणार होती, त्यामुळे आम्ही दोघं तीन दिवस दूध-भाकरीवर होतो. वर्कशॉपची एकच किल्ली, ती माझ्या पँटच्या खिशात. दुपारी अडीचच्या सुमाराला नानांना झोप लागली तसा मी कुलूप काढून आत गेलो, टोचतंय कुठे ते बघावं म्हणून. पत्र्याच्या झरोक्यातून चांगलं ऊन येत होतं.

खिडकीकडच्या टोकाला, एका पट्टीवर, लाल डाग होता.

सुताराच्या डोक्यात लाल डाग बघून काय येतं? गेरू. आम्ही सूत गेरूत बुडवून लाकडावर रेघ मारतो. मला वाटलं कारागिराचा गेरूचा हात लागला असेल. चिडलोच. नवं कोरं सागवान, अजून पॉलिशही नाही. ओलं फडकं घेतलं आणि पुसून टाकलं, तीन-चार हात मारून, स्वच्छ. पुसताना एवढं मात्र दिसलं होतं की डाग गोल आहे, लहान आहे, आणि मधून आडवी एक रेघ कोरी आहे. दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही.

मग घाम पुसायला हात कपाळावर गेला, बोट डोळ्याला लागलं. आणि असा जाळ झाला की मी खालीच बसलो. नळाखाली डोकं धरलं. गेरू कधी झोंबत नाही हो. फडक्याचा वास घेतला, शिंका आल्या. शेवटी जिभेला लावून बघितलं. तिखट. पथारीवरच्या मिरचीचं, लहानपणीचं तिखट.

तेव्हा ती कोरी रेघ आठवली. मी फडकं उलगडून बघितलं, त्यावर नुसता लाल फराटा. भीती नाही वाटली… माय येऊन गेली आणि आपण दार लावून घेतलं, असं काहीतरी वाटत होतं. सांगता येत नाही.

नानांना न सांगून चालणार नव्हतं. ते जागे झाल्यावर फडकं त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी फडकं नाकाला लावलं. आश्चर्य बिश्चर्य काही नाही चेहऱ्यावर.

"उनी ते मंग," ते म्हणाले. आली तर मग, इतकं साधं. आणि पुढे, "कोठे व्हता ठसा?"

तिसरी पट्टी की चौथी? टोकापासून वीतभर की जास्त? आठवेना. मी तर डाग पुसत होतो, जागा कोण बघतं.

"तू पुसी टाकं?"

"मला गेरू वाटला, नाना."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. बाकड्याजवळ गेले, हात फिरवत राहिले, पण त्यांच्या बोटांना आता काही कळत नाही, बधिर झालीत. शेवटी फडक्याची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. "ती एकच डाव सांगस, भाऊ. तिन्ही सवय शे तशी." सोमवारी आणि मंगळवारी त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. आशा कळसाडीहून आली, तिने हात जोडले, ते नाही म्हणाले. मी नुसता त्या पट्ट्यांवर हात फिरवत बसायचो. अंदाजाने तासायची हिंमत होत नव्हती. चुकीची जागा तासली तर मग काहीच उरणार नव्हतं.

बुधवारी दुपारी स्नेहलचा फोन. तिला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं, नानांची उगाच काळजी करेल म्हणून. ती तिच्याच नादात.

"पप्पा, थांबा, एक करेक्शन आहे. तुम्ही बाकडं फायनल केलं का? आम्ही आज त्याच बाकड्याचा जुना रंग खरवडला, ज्याचं ड्रॉइंग पाठवलं होतं. आत खड्डे बुजवायची लांबी भरलेली निघाली. लांबीखाली एक खळगा आहे. कोणीतरी मुद्दाम तासलेला. बाकी एकाही बाकड्याला नाही, मी सगळी बघितली. फक्त याच एकाला, खिडकीकडच्या टोकाला."

मी विचारलं, "कुठली पट्टी?"

"पुढून चौथी. टोकापासून दोनशे बारा मिलिमीटर. का हो? पप्पा? आवाज येतोय ना?"

मी फोन तसाच आशाच्या हातात दिला आणि पेन्सिल घेतली.

चौथ्या पट्टीवर खूण केली. नानांना खुर्चीवर बसवून आणलं. स्नेहलने सांगितलेलं ऐकून त्यांनी तासायची खूण केली. पट्टीवर काहीही दिसत नव्हतं, स्वच्छ सागवान. मी लहान रंधा घेतला, पातं अगदी बारीक ठेवलं आणि पहिला हात मारला. भुसा उडाला आणि मला शिंक आली. मग नानांना आली. मग दारात उभ्या असलेल्या आशाला. एकामागून एक, आम्ही तिघं शिंकत होतो. मी दोन बोटं बाजूला रंधा फिरवून बघितला, तिथे काही नाही. पुन्हा खुणेवर आलो, पुन्हा शिंका.

"बराबर शे," नाना डोळे पुसत म्हणाले. "आते हळू."

कागदाच्या जाडीएवढा खळगा असेल, फार नाही. काचपेपर मारला. नाना उठले, बाकड्यावर बसले. खिडकीकडे नाही, अलीकडच्या टोकाला. गर्दीच्या डब्यात आपण कोणाला जागा करून देतो तसे थोडे सरकले. रिकाम्या जागेकडे न बघताच विचारलं, "बरं शे का?"

आम्हाला काही ऐकू आलं नाही. हे प्रामाणिकपणे सांगतो. नाना मात्र थोडा वेळ थांबले, मग मान हलवली आणि आशाला म्हणाले, "भाकर आन. अन् ठेचा शे का?"

दीड भाकरी खाल्ली त्यांनी, त्या बाकड्यावर बसून. आता रोज तिथेच जेवतात. वजन वाढलंय. खिडकीकडच्या टोकाला गिऱ्हाईक बसायला लागलं तर सरळ सांगतात, तठे मानूस शे. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी दुसरीकडे बघतो.

मी खूप विचार केला. खळग्याचं एकवेळ समजू शकतो. बाक एकच, आकार एकच, तर तो माणसाला एकाच जागी टोचणार, मग ते माणूस इटलीचं असो की नंदुरबारचं. तिकडेही कोणी सुतार असेल, त्याच्याही घरी कोणी निंदणीला जाणारी, अधू कंबरेची असेल. स्नेहलने तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं, कोणालाच माहीत नाही. त्यांनी मात्र तो खळगा पुन्हा लांबीने भरला नाही, तसाच ठेवला. पण ठसा? बंद वर्कशॉप, घरात चिमूटभर तिखट नाही, आणि मधली ती रेघ? फडकं अजून नानांच्या खिशात आहे. आशा सदरा धुताना काढते आणि परत ठेवते. हात झोंबतो म्हणते. तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, माझ्याकडे नाही.

गुण्या मी अजूनही वापरतो. फक्त मागच्या महिन्यात एक सोफा तयार झाला, टेम्पो दारात उभा होता, आणि मी आशाला हाक मारली. म्हटलं, जरा बसून बघतेस का याच्यावर. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा विचारलं. ती आत गेली, हात पुसत बाहेर आली आणि बसली. डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. काही बोलली नाही. उठून कोपऱ्याजवळ एका जागी अंगठा टेकवला.

टेम्पोवाल्याला मी परत पाठवलं, म्हटलं उद्या ये.